इन्सुलीची घाटी आणि सह्याद्रीच्या जुन्या वाटा



आपल्यापैकी पुष्कळांनी सावंतवाडीहून बांद्याचा रस्ता मोटारीने कापला असेल. मध्ये इन्सुली गाव लागते. तिथे एक लहानसा घाट आहे. मोटार तो चढते केव्हा आणि उतरते केव्हा, हे गप्पांच्या नादात ध्यानातही येत नाही. पुढे तेरेखोल नदी, मग बांदा आणि बांद्यापलीकडे पत्रादेवीला गोव्याची हद्द. सारा प्रवास घटकाभराचा. आज याच घटकाभराच्या प्रवासाला थोडे थांबवावे आणि पायी चालणाऱ्या माणसाच्या नजरेने या मुलखाकडे पाहावे, असा माझा हेतू आहे.

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु राजा कोणत्या वाटेने आला, त्याच्या सैन्याला दाणागोटा कोणत्या वाटेने पोचला, आणि तह झाल्यावर मीठ, तांदूळ, नारळ कोणत्या वाटेने हिंडू लागले, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. वाट ही इतिहासाची नुसती पार्श्वभूमी नव्हे. पुष्कळदा तीच इतिहासाचे कारण असते. इन्सुलीच्या घाटीवर उभे राहिले म्हणजे हे जितके स्पष्ट दिसते तितके ग्रंथालयात बसून दिसत नाही.

प्रथम भूमीची ओळख करून घेऊ. समुद्रापासून घाटमाथ्यापर्यंतचे अंतर इकडे फार मोठे नाही. पण तेवढ्या अंतरात जमिनीचे पाच निरनिराळे प्रकार ओलांडावे लागतात, आणि प्रत्येक प्रकाराची वाट वेगळी असते.

पहिला प्रकार खाडीचा. तेरेखोल नदी मनोहरगडाच्या परिसरातील डोंगरांत उगम पावते, ओटवणे, विलवडे, इन्सुलीच्या बाजूने बांद्यास येते आणि पुढे आरोंद्यावरून तेरेखोलच्या किल्ल्याखाली समुद्रास मिळते. भरतीचे पाणी आत शिरते तिथवर नदी हीच वाट. लहान गलबते आणि होड्या भरतीच्या जोरावर बांद्यापर्यंत येत. येथे चालणाऱ्याला अधिकार नाही, पाण्याचे वेळापत्रक ज्याला ठाऊक त्याला अधिकार. ज्याला पार जायचे त्याने तरीची वाट पाहायची.

दुसरा प्रकार मळ्यांचा आणि कुळागरांचा. नदीकाठची सखल जमीन भातशेतीची, तिच्या कडेला माड-पोफळीच्या बागा. येथील वाट म्हणजे शेताची मेर, दोन गडग्यांमधली पाणंद आणि व्हाळावरचा साकव. ही वाट कधी सरळ जात नाही. ती कोणाचे शेत तुडवीत नाही, कोणाच्या आगरातून आडवी जात नाही, देवराईला वळसा घालते. या वळणांत गावाचा सारा वहिवाटीचा कायदा लिहिलेला असतो.

तिसरा प्रकार सड्याचा. जांभ्या दगडाचे हे उघडे पठार कोकणाची खास ओळख आहे. या दगडाला लॅटेराइट हे नाव फ्रान्सिस बुकानन याने १८०७ साली दिले. लॅटिनमध्ये विटेला जो शब्द आहे त्यावरून ते बनविलेले आहे, कारण मलबारात हा दगड विटांसारखा कापून काढताना त्याने पाहिला. आपल्याकडे चिरेखाणीत आजही तेच चालते. सड्यावर सावली नाही, उन्हाळ्यात पाणी नाही आणि पावसाळ्यात जागोजाग तळी साचतात. तरीही वाटसरू सड्यावरून जाई, कारण वाट उघडी, सरळ आणि कोरडी; श्वापद असले तर दुरून दिसे. गाव दरीत आणि वाट सड्यावर, असे कोकणात वारंवार आढळते ते यामुळेच. माणसाचा सड्याशी संबंध किती जुना आहे याची साक्ष मालवण तालुक्यातील कुडोपीच्या कातळशिल्पांनी दिलेली आहे. २०२२ साली कोकणातील ज्या कातळशिल्पांचा जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला, त्यांत कुडोपी आहे.

दरीतून सड्यावर चढायचे आणि सड्यावरून पुन्हा दरीत उतरायचे, यासाठी जी चढण लागते तिला आपल्याकडे घाटी म्हणतात. काही ठिकाणी तिला चिऱ्यांच्या पायऱ्या बांधलेल्या असतात, मग ती पाखाडी होते. इन्सुलीचा घाट हे मुळात असेच एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात उतरण्याचे दार आहे. सह्याद्रीच्या मानाने ते ठेंगणे. परंतु डोक्यावर ओझे घेतलेल्या माणसाला विचारा, दिवसाच्या शेवटी ठेंगणी घाटीही कड्याएवढी होते.

चौथा प्रकार पायथ्याच्या रानाचा. दाणोली, पारपोली, किंवा दोडामार्गाच्या बाजूला भेडशी अशा गावांच्या पुढे शेती विरळ होते आणि दाट झाडी सुरू होते. येथे वाट दिसत नाही, ती ठाऊक असावी लागते. पावसाळ्यानंतर दरवर्षी तिच्यावरचे रान तोडावे लागते. दोन वर्षे कोणी चालले नाही तर वाट रानात परत जाते.

पाचवा आणि शेवटचा प्रकार प्रत्यक्ष घाटाचा. येथे आपल्या भागाचा एक विशेष सांगितला पाहिजे. पुणे, नगर, नाशिक बाजूचा सह्याद्री काळ्या पाषाणाच्या थरांवर थर रचून झालेला आहे. म्हणून तिकडे वाटांचे प्रकारही कातळी. दोन कड्यांमधील घळीतून चढणारी ती नाळ, आणि कातळाला शिडी लावून चढावे लागते ती निसणी. इकडे दक्षिणेस हे पाषाणाचे थर पातळ होत जातात आणि त्यांच्या खालचे फार प्राचीन खडक उघडे पडू लागतात. त्यावर माती, जांभा आणि घनदाट अरण्य. आंबोलीला वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेव्हा इकडच्या घाटात वाटसरूचा शत्रू कातळापेक्षा चिखल, जळवा आणि ढासळणारी दरड हा असे. दरडीचा त्रास तर आजच्या डांबरी रस्त्यालाही चुकलेला नाही.

या पाच प्रकारांतून एक सिद्धांत निघतो. जिथे जमिनीचा प्रकार बदलतो, तिथे ओझ्याचा वाहक बदलतो. आणि जिथे वाहक बदलतो, तिथे वस्ती, बाजार किंवा सत्ता उभी राहते. खाडी संपली की होडीतला माल बैलाच्या पाठीवर चढवावा लागतो, म्हणून बांदा. रान संपून घाट सुरू होण्यापूर्वी बैलांना विसावा द्यावा लागतो, म्हणून पायथ्याची मुक्कामाची गावे. आणि घाटाच्या माथ्यावर दमलेला व्यापारी जकात चुकवून पळू शकत नाही, म्हणून तिथे चौकी आणि किल्ला. नाणेघाटाच्या माथ्यावर सातवाहनांचा शिलालेख आहे आणि जवळच दगडी रांजण आहे. लोक त्याला जकातीचा रांजण म्हणतात. दोन हजार वर्षांपूर्वीचे ते तत्त्व इकडेही लागू आहे. आंबोलीच्या परिसरात महादेवगड आणि नारायणगड, रामघाटाच्या बाजूला पारगड, कुडाळकडून कोल्हापूरकडे जाणाऱ्या वाटांवर रांगणा. किल्ल्यांची ही माळ नकाशावर मांडली, तर तिच्यामधून जुन्या घाटवाटा आपोआप ओवल्या जातात.

बांद्याचे उदाहरण थोडे विस्ताराने पाहू. सोळाव्या शतकाच्या आरंभी दुआर्ते बार्बोसा या पोर्तुगीज लेखकाने पश्चिम किनाऱ्याचे वर्णन लिहिले, त्यात बांद्याच्या बंदराचा उल्लेख आहे. आदिलशाहीत हे आदिलाबाद नावाने ओळखले जाई आणि अंमलदाराचे ठाणे होते. आज समुद्रापासून इतक्या आत असलेले हे गाव एके काळी बंदर होते हे ऐकून नवल वाटते. पण वरील सिद्धांत ध्यानात घेतला तर नवल उरत नाही. बंदर समुद्रकाठी असते असे नाही. बंदर तिथे असते जिथे जहाज थांबते आणि बैल उभा असतो.

वाटांवरून माल कोणता जाई? खालून वर मीठ, नारळ, सुपारी, सुकी मासळी. वरून खाली धान्य, मिरची, गूळ, कापूस. लमाण आणि वंजाऱ्यांचे तांडे पाठाळावर गोणी लादून घाट चढत. या व्यापारालाही ऋतूचे कडक बंधन होते. मीठ पिकते उन्हाळ्यात. पावसाळा आला की ते विरघळते आणि घाटही बंद होतो. सारांश, मिठागरात ढीग पडल्यापासून मृगाच्या पहिल्या सरीपर्यंत जेवढे दिवस, तेवढेच मिठाच्या वाटेचे आयुष्य. शिरोड्याच्या ज्या मिठागरांत १९३० च्या मे महिन्यात सत्याग्रह झाला, ती याच तेरेखोलच्या परिसरातील. मीठ हा कोकणात राजकारणाचा विषय होण्याच्या कितीतरी आधी पायांचा विषय होता.

आता एक सावधगिरी. जुन्या वाटांविषयी बोलताना आपण सहज हळवे होतो. परंतु ह्या वाटा सुखाच्या होत्या असे कोणी समजू नये. त्यांवर हिवताप होता, वाघ होता आणि वेठही होती. अंमलदाराचा तळ हलला की पायथ्याच्या गावच्या माणसांना धरून ओझी वाहायला लावीत. लाकूडफाट्याचे आणि भाताचे ओझे डोक्यावर घेऊन घाटी चढणाऱ्या स्त्रियांचे नाव कोणत्याही बखरीत नाही. म्हणून गाडीरस्ता आला तेव्हा त्यांपैकी अनेकांना तो मुक्तीसारखा वाटला असेल, तर त्यात आश्चर्य नाही.

गाडीरस्त्याने काय बदलले ते पाहा. पावलाला वाट आखूड हवी असते. चाकाला ती सौम्य हवी असते. हा भेद लहान वाटतो, पण त्याने शहरांची नशिबे पालटली. बैलवाट डोंगराची धार धरून सरळ चढते. गाडीला साधारणपणे वीस फूट चालीत एक फूट चढ, याहून अधिक चढ सोसत नाही. पायथ्यापासून आंबोलीचा चढ सुमारे सहाशे मीटरचा धरला, तर गाडीला निदान बारा किलोमीटरची वळणे द्यावी लागतात. पाऊलवाट तोच चढ त्याच्या अर्ध्याहूनही कमी अंतरात संपवते. अर्थात गाडीरस्ता बांधायचा म्हणजे डोंगर फोडायचा, आणि डोंगर फोडायचा म्हणजे सरकार आणि पैसा हवा. पूर्वी दहा वाटा होत्या आणि त्या गावे राखीत. आता एक रस्ता झाला आणि तो सरकारने राखावयाचा, अशी स्थिती आली.

१८१२ साली वेंगुर्ले इंग्रजांच्या हाती गेले आणि १८१८ साली बेळगाव. छावणी बेळगावात आणि बंदर वेंगुर्ल्यात, तेव्हा मधला घाट इंग्रजांना प्राणासारखा महत्त्वाचा झाला. प्रथम ही वाहतूक रामघाटाने होई. उत्तरेकडे बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० साली खुला झाला होता. इकडे तसा चांगला रस्ता यावयास वेळ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पारपोली-आंबोलीचा रस्ता बांधला गेला आणि वेंगुर्ले, सावंतवाडी, आंबोली, बेळगाव असा सुमारे सव्वाशे किलोमीटरचा मार्ग तयार झाला. त्याबरोबर रामघाट मागे पडला. ज्या वाटेवरून तोफा गेल्या, तिच्यावर गवत वाढले.

परंतु इतिहासाचा विनोद असा, की विजेत्या रस्त्यालाही फार काळ विजय भोगता आला नाही. १८८८ च्या सुमारास मुरगावहून कॅसलरॉकमार्गे घाटावर आगगाडी पोचली. घाटावरचा कापूस आणि धान्य आता मुरगावला जाऊ लागले, आणि १६३८ पासून डचांची वखार अंगावर मिरविलेल्या वेंगुर्ल्याचा व्यापार उतरणीस लागला. बांद्याला खाडीने मोठे केले, वेंगुर्ल्याला गाडीने, मुरगावला आगगाडीने. गावांचा उत्कर्ष आणि ऱ्हास हा तिथल्या माणसांच्या गुणदोषांवर जितका अवलंबून असतो, त्याहून अधिक तो वाहतुकीच्या साधनावर अवलंबून असतो.

मग जुन्या वाटा अगदी निरुपयोगी झाल्या काय? नाही. रस्ता सरकारचा झाला, तेव्हा पाऊलवाट सरकारशी न पटणाऱ्यांची झाली. १८४४-४५ साली कोल्हापूर आणि सावंतवाडी या भागांत गडकऱ्यांचे बंड पेटले. फोंड सावंतांसारखे सरदार त्यात होते. मनोहर आणि मनसंतोष हे गड घेण्यासाठी आउट्रमसारखा अधिकारी धाडावा लागला. गड पडले, तरी बंडवाले रानवाटांनी गोव्याच्या हद्दीत निसटले. फौजेला रस्ता लागतो. बंडखोराला पाऊलवाट पुरते.

त्यानंतर शंभर वर्षांनी ह्याच टापूत वाटांना पुन्हा जाग आली. गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होते आणि बांदा हे सीमेवरचे गाव होते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले निःशस्त्र सत्याग्रही पत्रादेवीला सीमा ओलांडून गेले आणि पोर्तुगीजांनी त्यांच्यावर गोळीबार केला. अनेकांना तिथे वीरमरण आले; त्यांचे स्मारक आज पत्रादेवीला उभे आहे. हमरस्त्याचे नाके बंद झाले की माणसे मेरेवरून, व्हाळातून, सड्यावरून हद्द ओलांडीत. सीमा ही नकाशावरची रेघ होती. वाट त्या रेघेहून जुनी होती. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि रेघ पुसली. वाट मात्र जिथल्या तिथेच होती.

वाट आज कोठे आहे, हा माझ्या व्याख्यानाचा खरा प्रश्न आहे. १९९८ साली कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली. मुंबई-गोवा महामार्ग रुंद झाला. या दशकात नागपूरहून पत्रादेवीपर्यंत सुमारे आठशे किलोमीटरच्या महामार्गाची योजना पुढे आली आणि तिच्यावरून शेतकऱ्यांत मोठा वादही झाला. महामार्ग असावेत की नसावेत, हा आजचा विषय नाही. महामार्ग मोजणारे पुष्कळ आहेत, पाऊलवाट मोजणारा कोणी नाही, एवढेच मला सांगायचे आहे. चिरेखाण वाढली की सड्यावरची वाट खाणीत जाते. बाहेरच्याने जमीन घेऊन कुंपण घातले की पाणंद बंद होते. गावातली तरुण मंडळी मुंबईला आणि गोव्याला गेली की रानातली वाट तोडायला माणूस राहत नाही. ती वाट ठाऊक असलेला शेवटचा म्हातारा जातो, आणि त्याच्याबरोबर एक ऐतिहासिक दप्तर जळते.

दुसरीकडे काय घडले ते पाहा. अमेरिकेत बेंटन मॅके नावाच्या गृहस्थाने १९२१ साली एक कल्पना मांडली की अ‍ॅपलेशियन पर्वताच्या माथ्यावरून एक अखंड पायवाट असावी. जॉर्जियापासून मेनपर्यंत चौदा राज्यांतून जाणारी सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची ही वाट १९३७ साली पुरी झाली. तिच्यातही दलदल आहे, कातळ आहे, उघडी पठारे आहेत, घनदाट रान आहे. ती राखण्याचे काम मुख्यतः स्वयंसेवक करतात. ठरलेला तुकडा वाटून घेतात, रान तोडतात, झाडांवर पांढऱ्या खुणा रंगवतात. १९६८ साली त्या देशाने अशा वाटांसाठी स्वतंत्र कायदाही केला. त्यांना ती वाट नव्याने आखावी लागली. आपल्यापाशी हजार वर्षे चाललेल्या वाटा तयार आहेत. फक्त त्या राखण्याची बुद्धी हवी.

कायद्याचे म्हणाल, तर आपण अगदीच निराधार नाही. वहिवाटीच्या हक्काला १८८२ च्या सुखाधिकार कायद्याचा आधार आहे. वहिवाटीच्या शेतरस्त्याला कोणी अडथळा केला, तर तो दूर करविण्याचा अधिकार १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाने तहसीलदारास दिलेला आहे. गावनकाशावर तुटक रेघांनी काही वाटा दाखविलेल्या आहेत. परंतु हक्क सांगायचा तर वाट वापरात असली पाहिजे, निदान तिची नोंद तरी पाहिजे. जी वाट कोणाच्या पायांत नाही आणि कोणाच्या वहीतही नाही, तिच्यासाठी न्यायालय काय करील?

म्हणून माझी विनंती साधी आहे. आपण शहरातली मंडळी सुटीत गावी जातो. जाताना एक वही आणि गावनकाशाची एक प्रत बरोबर न्यावी. घरच्या थोर माणसाला विचारावे : आजा घाटार जायचा तो कोणत्या वाटेने? पाणी कुठे प्यायचा? ओझे उतरायला पार कोणता? मुक्काम कोणाच्या पडवीत? होडी कुठे मिळे? उत्तर लिहून घ्यावे आणि जमेल तेवढी ती वाट एकदा चालून यावे. अशा दहा गावांच्या वह्या जमल्या की खाडीपासून घाटमाथ्यापर्यंतचा मार्ग पुन्हा सलग दिसू लागेल. तो कोणा एका पंडिताचा ग्रंथ नसेल, पण तो खोटाही ठरणार नाही. कारण त्यातले प्रत्येक वाक्य कोणीतरी पायाने तपासलेले असेल.

पुढच्या वेळी इन्सुलीचा घाट उतराल तेव्हा क्षणभर मोटार थांबवा. एका अंगाला तेरेखोलचे खोरे असेल, दुसऱ्या अंगाला दूरवर सह्याद्रीची निळी भिंत. या दोहोंच्यामध्ये मीठ वाहणारे, ओझी वाहणारे, बंड करणारे आणि सत्याग्रह करणारे असे असंख्य लोक चालून गेले. त्यांनी आपल्यासाठी ना ताम्रपट ठेवला ना शिलालेख. वाट तेवढी ठेवली. ती बुजण्यापूर्वी निदान तिची नोंद करणे, एवढे ऋण आपल्यावर आहे.